तीनवरचा ठिपका

माझ्या आवाजाच्या गोल बटणावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आहे. बटणाभोवती शून्य ते दहा आकडे छापलेले आहेत. कित्येक वर्षं तो ठिपका तीनवर असे. मग तो चारवर आला, पुढे सहावर, आणि शेवटी नऊवर.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यातून निघालो तो थेट एका शाळेत, इंग्रजीच्या सरांच्या टेबलावर आलो. सर कॅसेट घालत, मी बोलत असे आणि मुलं माझ्यामागून म्हणत. एका धड्यात एका बाईची बस चुकते आणि बाजूला उभा असलेला माणूस तिला म्हणतो, "चिअर अप!"

"शब्दाला शब्द लावत बसू नका," सर सांगत. "आपण म्हणतो ना, अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? तसं आहे हे."

एकदा वर्गातल्या एका मुलाचा कुत्रा मेला होता. शेजारच्याने त्याला मोठ्या उत्साहाने "चिअर अप" म्हटलं आणि तो रडायलाच लागला. सरांनी मला बंद केलं आणि ते बराच वेळ त्या मुलाजवळ बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "हे छोट्या दुःखाला म्हणायचं. मोठ्या दुःखात नुसतं शेजारी बसायचं."

"छोटं कसं ओळखायचं, सर?"

"ज्यावर उद्या काहीतरी करता येतं, ते छोटं."

सर निवृत्त झाले तेव्हा मलाही घरी घेऊन गेले. आल्यागेल्याला ते माझा खणखणीत आवाज कौतुकाने ऐकवत. त्यानंतर ठिपका सरकू लागला. सरांना वाटलं, माझा आवाज बसला. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कॅसेटची फीत जिथे टेकते ते माझं हेड पुसलं, मागचं झाकण उघडून धूळ झाडली. माझा आवाज होता तेवढाच होता, पण ते मला सांगता येत नव्हतं.

त्याच काळात घरातल्या माणसांचे आवाजही त्यांना बारीक वाटू लागले. "सगळे नुसते पुटपुटता!" ते चिडत.

"आपलं भांडण शेजाऱ्यांना पाठ झालंय," सरांच्या पत्नी, म्हणजे घरातल्या आजी, म्हणत. "तुम्हालाच तेवढं ऐकू येत नाही. कानाचं मशीन बघून येऊ या, चला."

"बघू."

हे 'बघू' दोन वर्षं चाललं. घरात हशा पिकला की सर उठून दुसऱ्या खोलीत जाऊ लागले. एके दिवशी "गेला हा कामातून," म्हणत त्यांनी मला माळ्यावर टाकलं.

मित्रांनो, यंत्राचा आवाज कमी वाटला तर ते जरूर पुसा. पण टाकून देण्याआधी आणखी कुणाला तरी ऐकायला बोलवा. एकाच कानावर निकाल देऊ नये.

माझ्या बाबतीत ते काम सरांच्या नातीने केलं. तिला सगळे भिंगरी म्हणतात. इंग्रजीच्या परीक्षेसाठी तिने मला खाली काढलं, ठिपका तीनवर आणला आणि बसचा धडा लावला. सर आले, त्यांनी सवयीने ठिपका नऊवर नेला. भिंगरीने दोन्ही कान झाकले.

"आजोबा, कान फुटतील माझे!"

"पुटपुटू नकोस. अगं, याचा आवाजच गेलाय."

तिने ठिपका पुन्हा तीनवर आणला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "मला ऐकू येतंय. तीनवर."

सरांनी माझ्या जाळीवर तळहात ठेवला. आतून मी थरथरत होतो, ते त्यांना कळलं. मग त्यांनी कान टेकवला. तसेच मागे सरून ते खुर्चीत बसले.

"चिअर अप, आजोबा," भिंगरी त्यांच्या कानात म्हणाली.

"केव्हा म्हणायचं असतं ते?" शिक्षक माणूस, राहवलं नाही.

"छोट्या दुःखाला. तुम्हीच शिकवलंत."

"मग हे छोटं आहे होय?"

"उद्या काहीतरी करता येतं की नाही, ते तुम्ही सांगा."

दारात आजी हात पुसत उभ्या होत्या. सरांनी मला बंद केलं आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"उद्या सकाळी कानाचं मशीन बघायला जाऊ."