शेठच्या कोपरावरचा चट्टा

धाकटी बेचाळीस वर्षांची झाली होती, पण दादा तिला अजून धाकटीच म्हणायचा आणि त्याचं ऐकून सगळी गल्लीही. गल्लीच्या टोकाला तिचं शिलाईचं दुकान आणि त्याला लागून दादाचं, गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचं. मधली भिंत एकच. दादाची सोळा वर्षांची मुलगी शाळेतून आली की आधी आत्याकडे डोकवायची, मग बापाकडे. एकदा खडकाला चिकटली की खाली यायचं नाव नाही, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. आणि दादाचा कुत्रा शेठ, कारण दिवसभर दुकानात लोळायचं आणि गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडून बघायचं, एवढंच त्याचं काम.

पानगळीच्या दिवसांत शनिवार-रविवार कड्यावर चढाईला जायचं आणि तिथेच तंबू ठोकून राहायचं, असं दरवर्षीचं होतं. मागच्या खेपेला शेठला शेजाऱ्यांकडे ठेवलं, तर त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. यंदा मुंगीने बजावलं, शेठ नसेल तर मीही नाही. मग कापड बेतायच्या टेबलावर तीन आठवडे हाच बेत शिजत राहिला. कुत्रा चालेल अशी तंबूची जागा धाकटीने शोधून काढली. तिथे लस टोचल्याचं ताजं प्रमाणपत्र लागणार होतं. शिवाय कड्याच्या थेट खाली कुत्रा बांधायला मनाई होती, कारण वरून दगड सुटतात. म्हणून दोघं चढाईत असताना तिसऱ्याने शेठपाशी लांब बसायचं ठरलं. जमीन गार असते, म्हणून धाकटीने उरल्यासुरल्या तुकड्यांची त्याला जाड गादी शिवली.

याच दिवसांत शेठच्या एका कोपरावरचे केस गेले. दादा म्हणाला खरूज आहे, आणि तेल चोळत राहिला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई शुक्रवारी रजेवर होत्या, आणि तंबूची चांगली जागा शनिवारी सकाळीच जाते. त्यामुळे दादा आणि मुंगी सामान घेऊन सकाळी मोटरसायकलवर पुढे गेले. धाकटीने शेठला दाखवून, प्रमाणपत्र घेऊन, मागून गाडीने यायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी लस टोचली, कागदावर शिक्का मारला आणि मग कोपर दिव्याखाली धरलं. खरूज नाही, म्हणाल्या. भाजल्यासारखं आहे, कसलंतरी तिखट रसायन लागलंय. हा झोपतो कुठे?

धाकटी सांगायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. शेठ झोपायचा दादाच्या दुकानातल्या मागच्या कोपऱ्यात. जुन्या, गळक्या बॅटऱ्या तिथेच असायच्या. तिथेच जमिनीवर एक पिशवी पडलेली असायची आणि शेठ तिलाच उशी करायचा. त्या पिशवीत चढाईचा दोर होता.

दादाच्या कामाच्या पँटी तीच शिवून द्यायची. ॲसिडचा थेंब उडालेलं कापड दिसायला धडधाकट असतं. रंग तसाच, वीण तशीच. एकदा धुतलं की त्याची चाळणी होते. आणि दोर तर नायलॉनचा.

बाहेर येऊन तिने दादाला फोन लावला. लागत नव्हता. मुंगीचाही नाही. तंबूच्या जागेवरच्या कचेरीत घंटा वाजत राहिली, कोणी उचललं नाही. शेठला मागच्या सीटवर ढकलून तिने गाडी काढली. सव्वा तासाचा रस्ता. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती दर दोन मिनिटांनी बघत होती. तंबू ठोकायला अर्धा तास, चहाला थोडा वेळ, मग पायवाट. मुंगी चहाला थांबेल का? नाही थांबणार. तिला ओळखत नव्हती का ती?

तंबू ठोकलेला होता, आत कोणी नव्हतं. शेठची दोरी मनगटाला गुंडाळून ती पायवाटेने पळत सुटली. वाळक्या पानांवरून दोनदा घसरली.

कडा दिसला तेव्हा मुंगी चार मजले वर होती. खडकात ठोकलेल्या शेवटच्या कडीपाशी पोचून तिने दोर तिच्यात अडकवला होता. खाली दादा मान वर करून दोर धरून उभा. शेजारच्या वाटेवर एक नवरा-बायको आपला दोर उलगडत होते. आता मुंगी "घे" म्हणणार, दादा दोर ताणून धरणार, मग ती हात सोडणार आणि सगळा भार दोरावर टाकून मागे कलणार.

धाकटी ओरडणारच होती. तिने स्वतःला आवरलं. घाबरली तर पोर बसेलच दोरावर. दुकानात माप सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "मुंगे, दोरावर बसू नकोस. कमरेची पट्टी आधी कडीत अडकव."

वरून मग हूक मिटल्याचा खट्ट आवाज आला.

"अडकवली. काय झालं, आत्या?"

"काही नाही. पट्टीवरच राहा. दोराला भार देऊ नकोस."

दादाने मान वळवली नाही. त्याने दबक्या आवाजात विचारलं, हे काय चाललंय. तिने तेवढ्याच हळू सगळं सांगितलं.

"दोर मी काल तपासलाय," तो म्हणाला. "सगळ्यावरून हात फिरवलाय."

"तुझ्या पँटीवरून मीही हात फिरवते दादा. धुवायच्या आधी."

 त्याने हातातल्या दोराकडे पाहिलं, पण तो सोडला नाही. तेवढाच त्याला आधार असावा.

नवरा-बायकोला फार समजवावं लागलं नाही. बायकोने शेठची दोरी हातात घेतली आणि त्याला लांब झाडाखाली नेलं. मग ती तिथूनच मुंगीशी बोलत राहिली, कुठल्या शाळेत आहेस, कधीपासून चढतेस. शेजारच्या वाटेने आपला दोर घेऊन मुंगीपर्यंत पोचायला नवरा निघाला. धाकटीने त्याचा दोर धरला. ती वाट अवघड होती. मधे एकदा त्याचा पाय निसटला, खडे खाली आले.   वीस मिनिटं लागली. नवऱ्याचा दोर मुंगीच्या कमरेला बांधला गेला, जुना सुटून सळसळत खाली पडला, आणि धाकटीने एकेक वीत करत मुंगीला उतरवलं. जमिनीला पाय लागताच ती मटकन बसली. मागोमाग नवराही त्याच दोराने उतरला.

दादा तिच्याजवळ गेला नाही. त्याने पडलेल्या दोराचं एक टोक झाडाच्या खोडाला बांधलं, नवऱ्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून ओढलं. तिसऱ्या हिसक्याला दोर मधोमध तुटला. फार आवाजही झाला नाही. जुनी चादर फाटावी तसा.

 मुंगीने तुटलेलं टोक बघितलं आणि उठून शेठकडे गेली.

संध्याकाळी दादा जेवला नाही. उद्या सकाळीच परत जाऊ, म्हणाला, आणि हे सगळं आता बंद. धाकटी त्याला दोष द्यायला गेली नाही, आणि तुझा काय दोष, असंही म्हणाली नाही. पिशवी त्या कोपऱ्यात तिनेही शंभरदा पाहिली होती. मुंगी बापाशी एक शब्द न बोलता शेठच्या गादीवर डोकं टेकून झोपली.

सकाळी नवरा-बायको निघण्याआधी विचारायला आले, पोरीला आमच्या दोरावर एकदा चढायचंय का. नंतर भीती बसते, बायको म्हणाली. मुंगीने खूप वेळ बुटाची नाडी बांधली. मग म्हणाली, चढते.

धाकटी उठली.

"आत्या, तू शेठपाशी बस," मुंगी म्हणाली. "दोर बाबा धरेल."

दादाने हात पुढे करून दाखवले. थरथरत होते. "नको गं मला सांगूस."

"मग थरथर थांबेपर्यंत मी थांबते."

तो त्यांच्या दोराजवळ जाऊन खाली बसला. एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक वीत बोटांत धरून दाबायची, वाकवायची, उजेडात फिरवायची, मग पुढची. साठ मीटर दोर. पाऊण तास गेला. तो दोर रोज तपासणारे नवरा-बायको गुमान बसून राहिले, घाई कर म्हणाले नाहीत. दुसरं टोक हाती आलं तेव्हा त्याने ते मुंगीच्या कमरेला बांधलं, आणि तिने गाठ ओढून पाहिली.

ती तिसऱ्या कडीपर्यंतच गेली. तिथे थांबली, वर बघितलं, खाली बघितलं.

"बस, आज एवढंच," ती म्हणाली. "बाबा, घे."

तिने हात सोडले.