झिंग्यांची बरणी आणि बॅटरीकाकांची बाटली

आधी तो झाकणावरचा हात काढा, मित्रांनो, मग बोलू. मी एक जुनी, जाड काचेची बरणी आहे. माझ्या काचेत एक बुडबुडा आहे, तो जन्मापासूनचा आहे. तडा नाही, उगाच नखाने खरवडून बघू नका. तुमच्यावर माझा राग नाही. विश्वास मात्र नाही, आणि त्याला कारण आहे.

भट्टीतून निघाल्यावर माझी पहिली बावीस वर्षं एका दुकानाच्या फळीवर गेली. माझ्यात लिंबाच्या गोळ्या असत. "एकच घेतो हं," म्हणत हात आत यायचा आणि बाहेर पडताना त्याची मूठ झालेली असायची. शाळेतली पोरं तशी, टाय लावलेले साहेबही तसेच. एक आजीबाई तर दुकानदाराशी गुडघेदुखीचं बोलता बोलता माझं झाकण फिरवायच्या. आणि दुकानदार मलाच उचलून म्हणायचा, "ही बरणी गळते की काय?" अहो, बरणीतून गोळ्या गळतात कधी? तेव्हापासून मी मनाशी पक्कं केलं, की हात जवळ आला म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.

दुकान बंद झालं आणि दुकानदाराने मला शेजारच्या घरी देऊन टाकलं. तिथे तीन वर्षं मी ओट्याखाली पडून होते. पोटात रबरबँड आणि एक दोऱ्याचं रीळ. कुणी ढुंकूनही बघत नसे. मग एके दिवशी त्या घरातल्या मुलीने मला बाहेर ओढलं आणि साबण न लावता गरम पाण्याने सात वेळा धुतलं. ती नऊ वर्षांची होती. सदानकदा काहीतरी इकडून तिकडे नेत असायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. एवढी धुलाई कशासाठी? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मुंगीचे बाबा जहाजावर कामाला होते. त्यांनी टपालाने एक पुडी पाठवली होती. तिच्यात मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या इवल्या झिंग्यांची अंडी होती, अगदी भुकटीसारखी. सोबत चिठ्ठी होती, "तीन महिन्यांनी येतोय. तोवर जगव. मला बघायचेत." झालं! मुंगीने ते मनावर घेतलं. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून तिने त्याचा औषधी वास घालवला, मीठ तोलून घातलं आणि मला खिडकीजवळ ठेवलं. दोन दिवसांत माझ्यात ठिपके हलू लागले. महिन्याभरात ते नखाएवढे झाले. उताणे पोहायचे, बावीस-बावीस पाय एकसारखे हलवत. मुंगीने मोजले, सव्वीस होते. तुम्हाला म्हणून सांगते, मला ते फार आवडायचे.

एकदा लाडाने तिने त्यांच्या खाऊची, म्हणजे यीस्टची, चिमूट जरा मोठी टाकली. पाणी दुधासारखं झालं आणि आई नाक धरून म्हणाली, "काय सडवलंयस गं हे?" तेव्हापासून पाणी नितळ झाल्याशिवाय पुढचा खाऊ बंद झाला. पोरगी शिकत होती, हे मला मान्य करावंच लागेल.

पण पाणी कमी व्हायचं. मुंगीने माझ्यावर बाहेरून एक पट्टी चिकटवली. पाणी पट्टीखाली गेलं की ती पुन्हा मीठ तोलायची, नवं पाणी करायची आणि पट्टीपर्यंत भरायची. पुडीवर लिहिलंच होतं, मिठाचंच पाणी वापरा.

मागच्या खोलीत तिचे मोठे काका राहत. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त केल्या होत्या. हात कापायला लागले तसं त्यांनी काम सोडलं, पण बॅटरीकाका हे नाव काही सुटलं नाही. एकदा मला निरखून ते म्हणाले, "मुंगे, वरून भरताना मीठ नको घालूस गं. उडतं ते पाणी. मीठ कुठे उडतं? बॅटरीतसुद्धा आम्ही..."

"काका, ही काय बॅटरी आहे?" मुंगी म्हणाली. आईही खुदकन हसली. काका हसले नाहीत. "बरं," म्हणाले आणि खोलीत गेले.

मी तेव्हाच ओळखलं. माणूस दुखावलाय, आता काहीतरी करणार.

आणि केलंच! दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी शाळेत, आई कामावर, घर सामसूम. काका आले. हातात लाल बुचाची, त्यांच्या बॅटरीच्या कामातली जुनी बाटली. त्यांनी दाराकडे बघितलं, बूच काढलं आणि थरथरत्या हाताने माझ्यात काहीतरी ओतलं. त्याला ना रंग, ना वास. विष असंच असतं म्हणे! त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी हाच प्रकार. मुंगी संध्याकाळी बघायची तर पाणी पट्टीला टेकलेलं. "आई, पाणी कमीच होत नाहीये आता!" ती खुशीत सांगायची. मी आतल्या आत तडफडत होते. झिंगे मजेत पोहत होते, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण मी म्हटलं, हळूहळू भिनणारं असेल.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. मुंगी आत आली तेव्हा बाटली माझ्यावर वाकलेली होती.

"काका! ॲसिड घालताय? माझ्या झिंग्यांना मारताय?"

"अगं, पाणी आहे ते. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी."

"खोटं! मी हसले म्हणून करताय तुम्ही!"

ती हमसून हमसून रडली. संध्याकाळी आई आली आणि तीही म्हणाली, "भावजी, पोरीला न विचारता कशाला हात लावायचा?" काकांनी बाटली उचलली आणि दार लावून घेतलं. ते पुन्हा खिडकीकडे फिरकले नाहीत. आणि मी? मला आनंद झाला, मित्रांनो. मी म्हटलं, बरी खोड मोडली!

मुंगी पुन्हा मीठ तोलू लागली. पहिल्या आठवड्यात माझ्या काठावर पांढरा थर जमला. दुसऱ्या आठवड्यात झिंगे लालसर दिसू लागले, दमल्यासारखे पोहू लागले. मग एक तळाशी पडला. मग चार. मग एका सकाळी सात. मी कुणाला धरणार होते? ज्याच्यावर मी पाळत ठेवली होती, तो तर दाराआड होता. रोज माझ्याजवळ येणारा हात एकच होता, आणि तो मायेने यायचा.

बाबा यायला बारा दिवस उरले होते. मुंगीने काठावरचा थर बोटाने पुसला आणि बोट जिभेला लावलं. मीठच होतं ते. मग मागच्या खोलीचं दार वाजलं.

"काका, मीठ उडत नाही ना?"

"नाही गं."

"मग मीच..."

काका आले. रागावले नाहीत. म्हणाले, "एकदम बदलायचं नाही हां. सोसणार नाही त्यांना. रोज वाटीभर काढ, वाटीभर साधं घाल." बाटली तिने धरली, आणि तिचा हात काकांनी.

पाच वाचले.

बाबा आले, बॅगसुद्धा खाली न ठेवता माझ्यापुढे वाकले. "अरे वा! जगवलेस की! पाचच होते का?"

मुंगी म्हणाली, "सव्वीस होते. बाकीचे मी मारले. काका वाचवत होते, मी त्यांनाच खोटं ठरवलं." बाबांनी बॅग खाली ठेवली. काका म्हणाले, "असू दे रे, लहान आहे." तरी ती सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे गेली आणि म्हणाली, "काका, चुकलं माझं."

तिचं मन मोकळं झालं. माझं कसं होणार? पाणी कमी झालं की साधंच पाणी घाला, एवढं तुम्ही लक्षात ठेवालच. पण कुणी तुमच्या जिवाभावाच्या वस्तूवर वाकलेलं दिसलं, तर आधी विचारा, "काय करताय?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. बॅटरीकाका आता रोज माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसतात, फडक्याने माझी काच पुसतात आणि मला म्हणतात, "गुणाची आहेस हो." मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं ना? मग एकदा माझ्या वतीने त्यांना सांगा, मी गुणाची नाही.