माझ्या डाव्या अंगाचे पोचे

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. रंग फिकट हिरवा. आता तो हिरवा कुठे उरलाय ते शोधावं लागेल, पण नवी होते तेव्हा लोक रस्त्यात थांबून बघायचे, खोटं कशाला बोलू! सध्या मी एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. माझ्या मागच्या सीटवर एका कोंबडीनं बिऱ्हाड थाटलंय. भाड्यापोटी अधूनमधून एखादं अंडं ठेवते बिचारी. असो. माझी गोष्ट सांगते.

मला घरी आणलं ते काटेवाल्या मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. दुकानातले वजनकाटे बिघडले की ते दुरुस्त करणारे हे कारागीर. आसपासच्या सगळ्या बाजारांत त्यांच्या खेपा असायच्या आणि माझ्या डिकीत लोखंडी वजनांची पेटी कायमची. त्या ओझ्यानं माझं बूड खाली आणि नाक वर. त्यामुळे ही गाडी फार शिष्ट आहे, असा लोकांचा उगाच गैरसमज झाला होता. मास्तरांची बोटं मात्र काय सांगू! काट्याच्या दांडीवरून नुसतं बोट फिरवलं की कुठे केसभर झुकतंय ते त्यांना कळायचं. रविवारी सकाळी बादली घेऊन ते स्वतः मला अंघोळ घालायचे. शेजारी विचारायचे, "मास्तर, बायकोची एवढी सेवा केलीत का कधी?" आणि आतून बाई ओरडायच्या, "विचारा, विचारा त्यांना!"

त्यांना एकच लेक. मास्तर तिला चिमणी म्हणत, म्हणून मीही चिमणीच म्हणते. पाच वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी ती बाबांच्या शेजारी पुढच्या सीटवर. दोघांचा एक खेळ ठरलेला. रस्त्यावर जे येईल ते तिनं आधी ओरडून सांगायचं. "बाबा, सायकल!" "बाबा, हातगाडी!" "बाबा, कुत्रं! आणि ते मुळीच हलणार नाहीये!" बाजार येईपर्यंत तिचा घसा बसायचा आणि मग तिला लिमलेटची गोळी मिळायची. मी पुष्कळ रस्ते तुडवले, मित्रांनो, पण त्या दिवसांइतकी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

चिमणी सोळा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. ज्या फाटकातून मी बारा वर्षं रोज जा-ये करत होते, त्याच्याच खांबाला एका संध्याकाळी माझं डावं मडगार्ड घासलं.

"खांब पुढे सरकलाय," मास्तर म्हणाले.

"हो ना, पाय फुटलेत त्याला," बाई म्हणाल्या. सगळे हसले.

पुढच्याच महिन्यात डावीकडचा आरसा गेला. मग डावं दार एका ओट्याला लागलं. गॅरेजमधले मेस्त्री पोचा ठोकून काढता काढता म्हणाले, "मास्तर, दर वेळी डावीकडेच कसं हो?"

"नशीबच डावं माझं," मास्तर म्हणाले. मेस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि परत हातोडी उचलली.

मला तर केव्हाच कळलं होतं. स्टिअरिंगवर रोज ज्याचे हात असतात, त्याच्या मनातलं गाडीपासून लपत नाही. पूर्वी ते हात सैल असायचे, गाणं गुणगुणताना ताल धरायचे. आता मुठी आवळलेल्या आणि तळवे घामानं ओले. समोरचं दिसत होतं, पण बाजूचं त्यांना दिसेनासं झालं होतं. हे चिमणीनंही ओळखलं. खेळ सुटायच्या वयात तिनं तो पुन्हा सुरू केला, पण हसू गेलं होतं त्यातलं. "बाबा, डावीकडे सायकल. अजून आहे. अजून आहे. हं, गेली." कॉलेज बुडवून ती त्यांच्याबरोबर निघायची. वर म्हणायची, "कंटाळा येतो हो मला त्या कॉलेजचा." मास्तर "आळशी कुठली!" म्हणायचे आणि मुकाट्यानं तिच्यासाठी दार उघडायचे. अशी दोन वर्षं दोघांची अळीमिळी गुपचिळी चालली.

आणि मग ते पत्र आलं. दूरच्या शहरात नर्सिंगच्या शिक्षणासाठी चिमणीला जागा मिळाली होती. लहानपणी बाहुल्यांना पट्ट्या बांधणारी पोर ती! पण पत्र तिनं घरात कुणाला दाखवलं नाही, माझ्या सीटच्या कव्हराखाली सरकवून ठेवलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. ती गेली तर बाबांना रस्ता कोण सांगणार? न गेली तर जागा हातची जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली पोरीची.

शुक्रवारी आम्ही बाजाराकडे निघालो. चिमणी खिडकीतून बाहेरच बघत होती, पण डोळे भरून आलेले, त्यामुळे तिलाही काही दिसत नव्हतं. डावीकडून एक आजी दुधाची किटली घेऊन रस्त्यात उतरल्या. त्या अगदी नाकासमोर आल्या तेव्हा मास्तरांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. मी किंचाळतच थांबले. मध्ये वीतभर जागा उरली असेल नसेल. किटली पडली आणि दूध रस्ताभर झालं.

"अरे मेल्या!" आजी थरथरत ओरडल्या. "धडधडीत माणूस चाललंय, दिसत नाही का तुला?"

मास्तर खाली उतरले. किटली उचलून आजींच्या हातात दिली.

"नाही दिसत, आजी," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

आजींचा आवाजच खाली आला. "मग चालवतोस कशाला रे बाळा?" एवढंच म्हणाल्या त्या.

मास्तर परत येऊन बसले, पण किल्ली फिरवली नाही.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"गाडी चालवणं सुटलं तर तुमचं कसं होईल, या विचारानं धीरच झाला नाही."

"आणि मी म्हणायचो, पोरीच्या लक्षात आलं नाही तेच बरं, उगाच जिवाला घोर लावून घेईल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मात्र चिमणीचा बांध फुटला आणि तिनं ते पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं.

"सोमवार म्हणजे तेरवा! अगं वेडे, बॅग भरायला नको का?"

त्यांनी मला तिथेच कुलूप घातलं आणि बापलेक हातात हात घालून चालत घरी गेले. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांच्या पाठी बघत होते. संध्याकाळी मेस्त्रींनी मला घरी आणून सोडलं.

सोमवारी चिमणी गेली. त्याच आठवड्यात बाई मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर माझ्या बॉनेटला टेकून शेजारणीला सांगत होत्या, "काचबिंदू आहे म्हणे. उरलेली नजर औषधानं टिकेल, पण गेलेली परत येत नाही. दोन वर्षं आधी आला असतात तर पुष्कळ वाचली असती, असं म्हणाले हो डॉक्टर!" आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मला पत्र्याचं अंग आहे, पण तेही त्या दिवशी जड झालं.

पुढे दुकानदारच काटे घरी आणून देऊ लागले. मास्तरांच्या बोटांना डोळे लागत नव्हते, त्यामुळे काम अडलं नाही. चिमणी नर्स झाली, गाडी शिकली आणि बाबांना शेजारी बसवून कितीतरी वर्षं मला फिरवत राहिली. आता मास्तर नाहीत. चिमणीचे केस पिकलेत. माझं इंजिन दमलं म्हणून मी इथे आले, एवढीच माझी कहाणी.

मित्रांनो, गाडीचं तेलपाणी वेळेवर बघा, हे मी सांगायलाच हवं. पण घरातलं मोठं माणूस चाचपडू लागलं, ठेचकाळू लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. मायेनं बोला, पण बोला. रागावतील, दोन दिवस अबोला धरतील, धरू द्या. माझे पोचे बाईंनी पाहिले, मेस्त्रींनी पाहिले, चिमणीनं पाहिले. सगळ्यांचा मास्तरांवर जीव होता, आणि त्या जिवापोटीच सगळे गप्प बसले. मी तर सर्वांच्या आधी ओळखलं होतं, पण माझ्याजवळ नुसता हॉर्न, तोही दुसऱ्यानं दाबल्याशिवाय वाजत नाही. तुम्हाला तोंड आहे.