घड्याळवाल्या बाईंच्या पाठीखाली

मित्रांनो, मी एक जुनी निळी चटई आहे, व्यायामाची. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. ऊब होती, रबराचा वास होता आणि मग लांबच लांब झोप. जाग आली ती घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंच्या घरात. पिलाटेस नावाचा व्यायाम शिकवणाऱ्या त्यांच्या भाचीनं मला त्यांना भेट दिलं होतं. बाईंनी कौतुकानं हात फिरवला, "रंग गोड आहे गं!" म्हणाल्या आणि मला कपाटामागे उभं केलं. झालं! टिकटिक ऐकत मी पुन्हा पेंगू लागले.

बाई दिवसभर टेबलाशी वाकून बसायच्या. एका दुपारी बारीकसा स्क्रू खाली पडला. तो शोधायला त्या जमिनीवर बसल्या आणि उठताच येईना! खुर्ची धरली, गुडघा टेकला, छे. यजमान घरी येईपर्यंत तिथेच बसून रडल्या बिचाऱ्या.

"अहो, तुम्ही गावाला गेलात तर मी अशीच पडून राहायची का?"

दुसऱ्या दिवशी हे कळताच भाची आली आणि तिनं मला जमिनीवर पसरलं. बाई माझ्यावर आडव्या झाल्या, पाय उचलले, चेहरा लालबुंद झाला आणि धपकन खाली आल्या.

"मावशी, श्वास का रोखलास?"

"अगं, स्क्रू बसवताना हात हलू नये म्हणून रोखतोच आम्ही. जन्माची खोड ती."

"इथे कसला स्क्रू बसवतेस? जोर लावताना श्वास सोड."

खोड जाता जाईना. रोज कण्हणं, रोज कुरकुर आणि शेवटी भाचीचा हात धरून उठणं. एकदा मात्र पाय वर जाताना श्वास अलगद बाहेर पडला. काय सांगू! छतावर कवडसे हलत होते, आणि मला वाटलं, आम्ही दोघी तरंगतोय. किती आनंद झाला मला!

मग एका संध्याकाळी यजमान घरात शिरले. बाईंना जमिनीवर पाहून घाबरले, पिशवी टाकून हात पुढे करत धावले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हात नको. नुसतं बघा."

त्या कुशीवर वळल्या, तळवा माझ्यावर रोवला, गुडघा टेकला आणि सावकाश उभ्या राहिल्या. यजमानांचा हात तसाच पुढे राहिला. डोळे भरून आले होते त्यांचे.

बाई हसल्या. म्हणाल्या, "परत दाखवू?" आणि मुद्दाम पुन्हा खाली बसल्या.

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय, टाचांखाली मी झिजलेय. त्याचं काही वाटत नाही. तुमच्या घरात माझी एखादी बहीण कपाटामागे पेंगत असेल, तर तिला आईसाठी पसरा. आई कण्हली तर हसू नका हं. जवळ बसा, आणि तिचं तिला उठू द्या.