चिंचोक्याची खळ

"फूल काढा. पण अलगद. खालचा कागद फाटता कामा नये," फौजदार म्हणाले आणि त्यांनी संक्रांतीचं भेटकार्ड बुकबाइंडर नासीरच्या पुढ्यातल्या फरशीवर ठेवलं.

अंगावर साधं धोतर, डोक्याला काळी टोपी. बघणाऱ्याला वाटावं, पोरीच्या लग्नाच्या पत्रिका करून घ्यायला कोणी गृहस्थ आलाय. धुळ्यात बदली होऊन त्यांना महिनाही झाला नव्हता, आणि तेवढ्यात भूमिगतांपैकी तिघांना त्यांनी उचललं होतं. शिंदखेड्याच्या एकाला तर घरी आणलं ते बाजेवर घालून. पाचव्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"साधंच कार्ड दिसतंय, साहेब."

"कार्ड साधंच आहे हो. पण चाललं होतं बोदवडला. त्या घरातला कर्ता माणूस मागच्या महिन्यात वारला. त्यांना वर्षभर सण नाही. मग कडेनं हलवा लावलेलं असलं देखणं कार्ड त्यांना पाठवलं कोणी?" फौजदार हसले. "फूल काढा, खाली काय लिहिलंय बघू. मग होतं तसं चिकटवून द्या. कार्ड जाऊ दे पुढं. ते घ्यायला कोण येतं, तेही बघू."

नासीरने कार्ड उजेडाकडे धरलं आणि ओळखलं. गुलाबी पतंगी कागदाचं फूल. पाकळ्यांच्या कडा काडीवर वळवलेल्या, त्यानेच शिकवल्या होत्या तशा. आणि पाकळीखाली किंचित तपकिरी डाग. लढाई लागल्यापासून मैदा दिसेनासा झाला होता. खळीसाठी चिंचोके भाजून, दळून, शिजवत बसण्याचा उपद्व्याप साऱ्या धुळ्यात एकटा नासीरच करायचा.

आठ दिवसांपूर्वी कुंदाबाई याच फरशीपाशी बसल्या होत्या. मुलींच्या शाळेतल्या या बाई. नासीरच्या लेकीला, अनवरीला, त्यांनी घरी बोलावून, एका शब्दाने उपकार न दाखवता लिहा-वाचायला शिकवलं होतं.

"नासीरभाई, फुलाला काय लावू? डिंक चालेल?"

"थंडीत डिंक तडकतो, बाई. फूल टपालातच गळून पडेल. सरस लावाल तर मग जन्मात निघायचं नाही, निघालं तर कागद घेऊनच निघेल. खळ मात्र शहाणी. धरूनही ठेवते, आणि ओलं फडकं ठेवलं की गुमान सोडूनही देते."

"मग खळच द्या."

"का हो, चिकटवलेली फुलं परत काढायचीत की काय?" नासीरने थट्टा केली होती. बाई हसल्या नव्हत्या. ते का, हे त्याला आज कळत होतं. या अल्ला, काय शिकवून बसलो मी!

"काय झालं?" फौजदारांनी विचारलं.

घाबरला की नासीरच्या तोंडी घरची बोली यायची. "हाऊ सरस शे, साहेब. असा काढा तर फाटी जाई." मग सावरून म्हणाला, "सरसाला उकळतं पाणीच लागेल."

"तुम्ही कारागीर. तुम्ही म्हणाल तसं."

शेगडीवरची किटली उचलून नासीरने कार्ड परातीत ठेवलं आणि वरून पाण्याची धारच धरली. हलवा विरघळला. फुलाचा रंग सुटून पाणी गुलाबी झालं. फूल उलटलं, त्याखालून बोटभर चिठ्ठी तरंगत वर आली आणि तिच्यावरची शाई बघता बघता निळ्या धुरासारखी पाण्यात पसरली. एक अक्षर उरलं नाही.

"माफी करा, साहेब. हात चुकला."

आता थोबाडीत बसणार म्हणून त्याने मान खाली घातली. पण फौजदारांनी परात शांतपणे उचलली, नाकाजवळ नेली आणि परत ठेवली.

"माझे वडील सुतार होते," ते म्हणाले. "सरस तापला की घरात बसवत नसे. आई नाकाला पदर लावून भाकरी थापायची. या पाण्याला तर कसलाच वास नाही."

नासीरने किटली परत शेगडीवर ठेवली.

"खळ आहे ही. आणि खळ दोन दिवसांत आंबते, खरं ना? संक्रांतीपर्यंत अशी कार्डं करत राहायचं म्हणजे माणसाला ताजी न्यायला यावंच लागणार." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर ऐसपैस बसले. "तुम्ही करा तुमचं काम. मी बसतो."

नासीर उगाचच पुठ्ठे कापत राहिला. दोनदा माप चुकलं. ताजी खळ न्यायला बाई आजच यायच्या होत्या; त्यांना ताप येवो, शाळेत कोणी साहेब तपासणीला येवो, काहीही होवो, असं तो मनात घोकत होता. ऊन समोरच्या ओट्यावर गेलं, आणि पायरीवर चपला वाजल्या.

बाईंनी तोंड उघडायच्या आत नासीर जवळजवळ ओरडलाच, "काय पाहिजे, बाई? नव्या दिसता गल्लीत!"

कुंदाबाई थबकल्या. त्यांनी नासीरकडे पाहिलं, गठ्ठ्यावरच्या गृहस्थाकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"पतंगाचा कागद हवा होता. दोन ताव. शाळेतल्या मुलींसाठी."

नासीरचा जीव भांड्यात पडला. काय बाई आहे! तो लगबगीने उठला आणि फळीवरचे ताव काढू लागला.

फौजदारांनी पाय आखडून बाईंना वाट करून दिली. मग त्यांच्या हातातल्या पितळी वाटीकडे पाहत अगदी अदबीने विचारलं,

"कागद न्यायला वाटी आणलीत, बाई?"