बैठेगा क्या?

माझ्या नवऱ्याबद्दल सुमित्राकाकू म्हणाल्या होत्या, "सुजयला नेहरू प्लेसला एकट्याला पाठवू नकोस. त्याची हिंदी म्हणजे टोपी घातलेली मराठी." मी हसण्यावारी नेलं. काकूंना आम्ही नोएडाला आल्यापासून आमच्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

घरी कॉम्प्युटर जोडायचा होता. तो असला तरच मला अनुवादाचं काम घरून मिळणार होतं, नाहीतर मी ऑफिसात आणि आमची छोटी उत्तरा पाळणाघरात. प्रोसेसर घेऊन झाला होता, त्याला जुळणारा मदरबोर्ड हवा होता. नेहरू प्लेस म्हणजे दिल्लीचा कॉम्प्युटरचा बाजार; तिथल्या एका दुकानात सुजयने एका चांगल्या बोर्डावर बोट ठेवून विचारलं, "ये हमारे प्रोसेसर के साथ बैठेगा क्या?"

"कभी नहीं बैठेगा, साहब."

सुजयने तो बाजूला सारला आणि स्वस्तातला दाखवला. दुकानदार नाइलाजाने म्हणाला, "ये तो बैठ जाएगा." सुजय तोच घेऊन आला.

आठवड्यात तो बंद पडला. मी फोनवर भांडले, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "मैडम, मैंने तो पहले ही बोला था, बैठ जाएगा." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे वस्तू बसते म्हणजे जागेवर नीट मावते. इथे बसते म्हणजे कोलमडते.

"अगं, पण बसला होता ना नीट," सुजय म्हणाला.

काम सोमवारी सुरू व्हायचंय. उत्तराला ताप आहे, म्हणून आज बोर्ड बदलायला तो पुन्हा एकटाच नेहरू प्लेसला गेलाय. तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल, तर चौकड्यांच्या स्वेटरातल्या, बगलेत खोकं धरलेल्या माणसाकडे जरा बघा. 'बैठेगा' म्हणत असेल, तर 'लगेगा' म्हणायला सांगा.