सव्वाअकराचा फोन आणि मी

मी टेलिफोनची डबी बोलतेय. अहो, असं इकडेतिकडे काय बघता? खाली बघा. टेबलाच्या पायाशी, जिथे झाडू कधी पोचत नाही, तिथे. चौकोनी, मूळची पांढरी, आता चहा पिऊन पिऊन पिवळ्या पडलेल्या दातांसारखी. फोनची तार जिच्यात जोडतात, तीच मी. माझ्या पोटात दोन स्क्रू आहेत, दोन तारा आहेत आणि या घरातल्या झाडून सगळ्या भानगडी आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून माझ्याबरोबर हजारभर बहिणी टपाटप खाली पडल्या, सगळ्यांची तोंडं सारखी. तपासणाऱ्या बाईंनी मला उलटंसुलटं केलं, एक फुंकर मारली आणि पुढे ढकललं. एवढंच माझं शिक्षण.

मग एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या दाराशी, चपलांच्या मांडणीच्या वर माझी प्रतिष्ठापना झाली. ज्याने मला बसवलं त्याला जेवायला जायची घाई होती. एक स्क्रू सरळ गेला, एक तिरपा. त्या दिवसापासून माझी मान वाकडी आहे. लोकांना वाटतं, मी तोऱ्यात असते. तशी असतेच, पण मान त्यामुळे वाकडी नाही.

सुरुवातीला काय थाट होता माझा! शेजारीपाजारी रांग लावून बोलायला यायचे. माणसांची मला तेव्हाच पुरती ओळख पटली. लांबच्या गावाला फोन असला की ती ओरडून बोलतात, जणू मी नसतेच मध्ये. समोरच्याला दिसत नसूनही माना डोलावतात. "बरं, ठेवते हं," म्हणतात आणि पुढे अर्धा तास बोलतात. नंबर वहीत लिहायचे सोडून माझ्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीने लिहितात. मग रंगारी येतो आणि नंबरांवर, भिंतीवर, माझ्यावर, सगळ्यांवर एकच ब्रश फिरवतो. असे तीन रंग मी अंगावर घेतलेत. चौथ्याची आता हिंमत नाही.

घराचे मालक बाबा. कचेरीत हेडक्लार्क होते. सगळ्या नोकरीत ऑफिसची एक टाचणी त्यांनी कधी घरी आणली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत हा माणूस फुटपाथवर उभा. अशा माणसाने आयुष्यात एकच गुन्हा केला आणि तोही नेमका माझ्या तारेशी केला.

झालं असं, की घरातली आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली. दिवसभर आतल्या खोलीत छताकडे बघत पडून राहायची. तिला मैत्रिणींशी बोलायचं असायचं, पण दाराशी माझ्यापर्यंत येणं तिला जमत नव्हतं. त्या काळी परवानगीशिवाय घरात दुसरा फोन जोडायला बंदी होती. बाबांनी अर्ज केला, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. उत्तर नाही. शेवटी एका रविवारी त्यांनी कपाट पुढे ओढलं, माझ्याकडे येणारी तार भाजी सोलायच्या सुरीने सोलली, तिच्यावर दुसऱ्या तारा पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि आतल्या खोलीत एक जुना फोन थेट जोडून टाकला. त्याला ना डबी, ना काही. सुरी अशी धरली होती की मला वाटलं, आता हे स्वतःलाच शॉक देऊन घेणार. मग चार माणसांचं ते कपाट त्यांनी एकट्याने रेटून भिंतीला लावलं आणि घाम पुसत खाली बसले.

आई त्या फोनवर दोन वर्षं मनसोक्त बोलली. मग गेली. बाबांनी सगळ्यांना सांगितलं, "तो फोन आता बंद आहे, तिची आठवण म्हणून ठेवलाय." साफ खोटं! रोज सकाळी सव्वाअकराला ते आतल्या खोलीचं दार लावून तिच्या पलंगावर बसायचे आणि त्याच फोनवरून त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे घरात जिला आत्या म्हणतात तिला, फोन लावायचे.

आता ही आत्या राहते कुठे? दोन गल्ल्या सोडून. चालत सात मिनिटं. पण भेटायचं म्हणजे चपला घालाव्या लागतात, जिना उतरावा लागतो, कोण एवढा खटाटोप करणार? त्यापेक्षा फोन बरा. सव्वाअकराला बाबांचा फोन गेला नाही, की त्याच मिनिटाला आत्याचा आलाच म्हणून समजा. पहिलं वाक्य ठरलेलं: "अरे, जिवंत आहेस ना?"

पुढे मोबाइल आले आणि माझ्या नशिबी कोळिष्टकं आली. माझ्या तारेवर छत्री टांगायला लागले हो! दिवसातून एकदा सव्वाअकराला अंगातून थोडा आवाज जायचा, तेवढीच काय ती धुगधुगी.

मग घरातली मुलगी परत आली. मी तिला मास्तरीण म्हणते. गणित शिकवायची. तिची शाळा बंद पडली आणि ती दोन बॅगा नि एक फळा घेऊन बापाच्या घरी दाखल झाली. महिन्याभरात घरात ब्रॉडबँड आलं आणि माझं भाग्य फळफळलं. छत्री गेली, कोळिष्टकं गेली, शेजारी लुकलुकणारं एक खोकं आलं.

आता नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच अडलं होतं. घरबसल्या शिकवणाऱ्या एका कंपनीने मास्तरणीला चाचणीचे तीन तास दिले होते. तिन्ही सकाळी अकराला. पास झाली तर नोकरी, घरात बसून, बाबांजवळ. नापास झाली तर एक तारखेला लांबच्या शहरातल्या शाळेत रुजू व्हायचं. तिथलं पत्र येऊन पडलेलं. त्यातून कंपनीची अट, नेट तारेचंच हवं. मोबाइलच्या भरवशावर राहायची सोय नव्हतीच, कारण या घरात मोबाइलला रेंज मिळते ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धं बाहेर लोंबकळल्यावर.

तिला इथे राहायचं होतं. बाबांना ती इथे हवी होती. पण दोघं एकमेकांशी बोलतील तर शपथ! ती म्हणायची, "बघू." ते म्हणायचे, "तुझं तू ठरव, बाळ." आणि सव्वाअकराला दार लावून आत्यापाशी गळा काढायचे, "ताई, ती जाईल गं. मला दिसतंय ना."

पहिला तास सुरू झाला. पंधरा मिनिटं छान चाललं होतं. सव्वाअकराला बाबांनी आतला फोन उचलला आणि खोक्याचा हिरवा दिवा गपकन लाल झाला. मास्तरणीच्या पडद्यावरची मुलं तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजली. आतल्या खोलीत बाबा सांगत होते, "ताई, ही जाणार बहुतेक." अहो, तुम्हीच घालवताय की तिला! मी किती ओरडले. पण डबीचं कोण ऐकतो?

टेलिफोन खात्याचा लाइनमन आला. कानामागे पेन्सिल, पोट पुढे, आत्मविश्वास त्याहून पुढे. त्याने भिंतीवर टकटक केलं आणि निदान केलं, "भिंती जाड आहेत. डबी ताईंच्या खोलीत घेऊ." मग काय, ब्लेडने माझ्या कडेचे तिन्ही रंग कापले, मला उचकटलं, ड्रिलने दोन खोल्यांना भोकं पाडली. बाबा खाली वर्तमानपत्र धरून उभे होते, भुगा पडू नये म्हणून. त्या भुग्यात त्यांची मानही पांढरी झाली. मला नव्या भिंतीवर, टेबलाखाली बसवलं. या वेळीही एक स्क्रू तिरपाच. पुढच्या दाराशी असलेला घरातला मूळचा मोठा फोनही माझ्याबरोबर आला आणि त्याच्या नि माझ्या मधे एक फिल्टर लटकला. ती बोलण्याची आणि नेटची गाळणी. ती असली की दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. कपाटामागच्या त्या चोरट्या जोडाला मात्र कसली गाळणी नि कसलं काय!

दुसरा तास. सव्वाअकरा. लाल दिवा.

मास्तरणीने टेबलावर डोकं टेकलं आणि रडली. रडताना नाक पुसायला तिला खोक्यावरचं फडकं सापडलं, त्यावरून समजा काय अवस्था झाली असेल. मला खरंच वाईट वाटलं. कंपनीने कळवलं, उद्याचा तास शेवटचा.

संध्याकाळी लाइनमन पुन्हा आला. मला उघडून चिमटे लावले, कसलंसं यंत्र बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "घरात आणखी एखादा फोन जोडलेला आहे का हो? तो कोणी उचलला, नाही तर नुसता वाजला, तरी नेट बसतं."

"आईचा जुना आहे आत," मास्तरीण म्हणाली. "पण तो कधीचाच बंद आहे. हो ना बाबा?"

बाबांच्या चेहऱ्याचा रंग माझ्या तिन्ही रंगांपैकी एकाशीही जुळत नव्हता. त्यांना वाटलं, खरं सांगितलं तर बेकायदा जोड सापडेल, कनेक्शनच कापतील, मग नेटही गेलं आणि पोरगीही.

"हो," ते म्हणाले.

तेवढंच. पण त्यांना कळून चुकलं होतं. उद्या फोन करायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. आणि बहिणीला विसरले.

सकाळी अकराला मास्तरणीने अपूर्णांक सुरू केले. बाहेर बाबा येरझाऱ्या घालत होते. अकरा वाजून नऊ मिनिटांनी त्या येरझाऱ्या एकदम थांबल्या. आपण फोन केला नाही तर ताई करणार! फोन वाजणार! कपाट ओढायला आता ना अंगात बळ, ना हाताशी वेळ. आतला फोन उचलून ठेवला तरी नेट जाणार, त्याची तार कापावी तर आख्खी लाइनच मरायची भीती. मोठा फोन इथे माझ्यापाशी, बंद दाराआड. त्यांचा मोबाइल ड्रॉवरमध्ये, महिनाभर मेलेला. मला आधी ड्रॉवरची खडखड ऐकू आली, मग पुढचं दार भिंतीवर आपटलं आणि जिन्यावर धडधड झाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण आत्याने ते नंतर फोनवरून अर्ध्या गावाला सांगितलं, म्हणून मला तोंडपाठ आहे. बाबा धावले. या वयात, दोन गल्ल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मास्तरणीची. कोपऱ्यावर सिग्नल लाल होता. जन्मात पहिल्यांदा हा माणूस लाल सिग्नल तोडून पळाला, ट्रकवाल्याने शिवी हासडली तरी थांबला नाही. आत्याचे शेवटचे दोन आकडे फिरवायचे राहिले होते. बाबांनी आत घुसून फोनवर पंजाच ठेवला. चेहरा पांढराफटक, नुसती धाप. आत्याला वाटलं, हा गेला आणि त्याचं भूत निरोप द्यायला आलं.

इकडे सव्वाअकरा झाले. मास्तरणीचा एक डोळा दिव्यावर. सोळा. सतरा. दिवा हिरवाच. तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला. बारापर्यंत तिने असे काही अपूर्णांक शिकवले की मलाही थोडे कळले.

बाहेर येऊन बघते तर घर सताड उघडं, बाप गायब, स्वतःची एक चप्पल गायब. तेवढ्यात आत्या बाबांना दंडाला धरून घेऊन आली आणि थेट माझ्यासमोर खुर्चीत बसवलं.

"सांग तिला," आत्या म्हणाली.

बाबांनी सांगितलं. रविवार, सुरी, कपाट, सगळं.

"म्हणजे दोन्ही वेळा तुम्हीच?" मास्तरीण उडालीच. "आणि मी त्या लाइनमनला शिव्या घालत होते! रोज एवढं बोलता तरी काय?"

बाबा पायातल्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे बघू लागले.

"तू जाशील म्हणून रडतो, दुसरं काय!" आत्या कडाडली. "माझे कान किटले."

"मग मला सांगायचं ना, बाबा. जाऊ नकोस म्हणायचं."

"तू म्हणायचीस, बघू."

"तुम्ही म्हणायचात, तुझं तू ठरव!"

मग मास्तरीण खाली बसली आणि बापाच्या पायातून आपली चप्पल काढून घेतली. पायाला फोड आला होता. ती तो बघत तशीच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा होकार आला. त्यानंतर लाइनमन आला तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. हातात दोन पानी कबुलीजबाब, विषय आणि संदर्भासकट. लाइनमनने तो वाचला, पोट धरून हसला आणि स्वतःच्या टकलावर हात ठेवून म्हणाला, "काका, तो नियम गेला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते!" बाबांना सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं फसवल्यासारखंही. कारण गुन्हा करून इतकी वर्षं ते भीत राहिले होते, आणि तो गुन्हाच कोणी परस्पर रद्द करून टाकला होता.

मास्तरणीच्या सांगण्यावरून चौघांनी मिळून कपाट ओढलं, तो जुना जोड काढला आणि आईच्या पलंगाशी रीतसर डबी बसवली, गाळणीसकट. माझी धाकटी बहीणच म्हणा. तिचे दोन्ही स्क्रू सरळ आहेत. मी बोलत नाही तिच्याशी.

आता माझी एकच विनंती आहे. पुढच्या महिन्यात रंगारी येतोय. कोणीतरी माझ्यावर एक कागद चिकटवा हो! आणि घरातली डबी हलवायच्या आधी घरातल्या माणसांना एकदा विचारा, कोण काय दडवून बसलंय. भिंतींना उगाच भोकं पडतात.

बाकी मजेत आहे. अकराला मास्तरणीची मुलं येतात. सव्वाअकराला बाबा आतला फोन उचलतात. दोघं एकाच वेळी माझ्या अंगातून जातात आणि दिवा हिरवाच राहतो. काल बाबा आत्याला म्हणत होते, "नाही जात गं ही आता कुठे. बसली माझ्या उरावर कायमची." आणि इतके हसत होते की आत्याने विचारलं, "अरे, प्यायलास की काय?"

बरं, आता पुरे. अकरा वाजून चौदा मिनिटं झाली. मला काम आहे.